दीड पैची राणी

भाषा शेवटपर्यंत माणसाची साथ सोडत नाही. आमच्या बाबांची मात्र तिनं एका मंगळवारी, अर्धी दाढी झालेली असताना सोडली. जन्मभर शब्दांच्या व्युत्पत्त्या शिकवलेल्या या माणसाच्या तोंडून, झटका आल्यापासून दोन महिने ‘अं’पलीकडे काही निघालं नव्हतं.

स्पीच थेरपिस्ट बाई घरी येत. त्यांनी नाणं पुढे धरलं. “आजोबा, हे काय आहे?”

बाबा खिडकीबाहेर बघत राहिले.

“थांबा, मी बघते,” म्हणत आई त्यांच्याजवळ पलंगावर बसली. “अहो, पावलीवर राजाचं पाऊल उमटवलेलं असायचं, म्हणून ती पावली. हो ना?”

बाबांची मान गर्रकन वळली.

“काहीतरीच काय, आई!” मी म्हणालो. “पाव रुपया, म्हणून पावली.”

“तू गप्प बस. मला माहीत आहे,” तिनं मला दटावलं. मग त्यांचा हात हातात घेऊन ती निरागसपणे म्हणाली, “आणि दिडकी नावाची एक राणी होती. तिनं पाडलेलं नाणं, ती दिडकी.”

बाबांचे ओठ थरथरले. कपाळावरची शीर फुगली.

“दी... दीड पै!” ते गरजले. “दीड पैची ती दिडकी! अ... अक्कल आहे का?”

“नाही हो,” आई डोळे पुसत म्हणाली. “तुम्हीच शिकवा.”

थेरपिस्ट बाईंनी टाळ्या वाजवल्या. मग त्यांनी बाबांचा रक्तदाब मोजला. तो एकशे नव्वद निघाला.