मामांचं निवृत्तीचं वर्ष

“मामा, आता खाली या,” अध्यक्ष म्हणाले. अध्यक्ष म्हणजे मामांचा भाचाच. मामा व्यासपीठावरून उतरले आणि पहिल्या रांगेत येऊन बसले.

वजनकाटे बनवणाऱ्या या कंपनीत तसा रिवाजच होता. दरवर्षी एक तृतीयांश संचालकांची मुदत संपे. ज्याची संपली तो वार्षिक सभेत खाली उतरे, भागधारक हात वर करत आणि तो पुन्हा वर जाऊन बसे. मामा असे इतक्यांदा निवृत्त झाले होते, की उतरताना चष्मासुद्धा टेबलावरच ठेवून येत.

यंदा घोटाळा चहाने केला. तो वेळेआधी आला आणि भरवशाचे सगळे भागधारक बाहेर पळाले. बाकीचे संचालक तर किटलीपाशी सर्वांत आधी पोहोचले होते. आणि मोजायचे होते हात. एका माणसाचा एकच, मग त्याचे शेअर मूठभर असोत की पोतंभर.

“मामांच्या फेरनिवडीच्या बाजूने?”

दोन हात वर झाले. एक भाच्याचा, दुसरा खुद्द मामांचा.

“विरोधात?”

तिसऱ्या रांगेत तीन हात वर गेले. मामी, मामींची बहीण आणि साडू.

मामा गर्रकन वळले. “अगं, चुकलीस! आपला हात आधीच्या वेळी होता!”

“मला कळतं कधी काय ते. ए, तू हात खाली घेऊ नकोस गं,” मामींनी बहिणीला दटावलं. साडूंनी हात तसाच ठेवून नजर छताकडे वळवली.

“मामी, घरचं भांडण घरी करा ना!” भाचा काकुळतीला आला.

“घरी सांगून झालं, यंदा नको म्हणून. तिथे माझं ऐकतंय कोण? इथे निदान मोजतात तरी.”

सेक्रेटरीबाई लगबगीने मामांजवळ आल्या. “मामा, शेअरनुसार मतदान मागा. तुमचेच एवढे आहेत की आरामात निवडून याल. पण आत्ताच मागायला हवं.”

मामा ताडकन उठले. पण बोलण्याऐवजी ते तिसऱ्या रांगेपाशी गेले आणि हळूच म्हणाले, “काय झालं? खरं सांग.”

“तुम्ही वर बसून घोरता.”

“एखादी डुलकी लागत असेल.”

“डुलकी? कुठल्या विषयाला सुरू होणार, यावर इथे पैजा लागतात. मागच्या सभेत शेजारच्याने मलाच विचारलं, लावता का म्हणून. मी कोण ते त्याला कुठे माहीत?”

“मग?”

“हिशेबांच्या वेळी, म्हटलं मी. जिंकले.” मामींचा आवाज खाली आला. “घरी गेल्यावर घास उतरला नाही.”

मामांनी वळून व्यासपीठावरच्या आपल्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. कंपनीचा पहिला काटा त्यांनी स्वतःच्या हातांनी जोडला होता. तेव्हा संचालक मंडळ नव्हतं, चहा नव्हता आणि झोपायला फुरसतही नव्हती.

“मामा, मागताय ना मतदान?” वरून भाच्याने विचारलं.

“नाही. निकाल लिहून घे.”

भाच्याने दोनदा घसा साफ केला आणि पुढचा विषय पुकारला: लेखापरीक्षकांची नेमणूक. “ठराव कोण मांडतंय?”

सभागृहात कुणीच हललं नाही.

“मी मांडतो,” मामा उभ्यानेच खणखणीत आवाजात म्हणाले.

मामींनी शेजारच्या खुर्चीवरची पर्स उचलून मांडीवर घेतली.