पेल्यात उकळणारं रक्त

फर्निचरचं ते शोरूम बंद पडून दोन वर्षं झाली होती. भिंतींवर पलंगांच्या जाहिराती तशाच होत्या, पण त्या रविवारी सकाळी आत तीनशेच्या वर माणसं दाटीवाटीनं बसली होती. समोर लांब टेबल, टेबलावर काचेच्या पेल्यांची रांग आणि कापडानं झाकलेले स्टीलचे दोन जग. टेबलामागे पेलेबाबा. त्याचं खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं, आणि विचारायचं कुणाला सुचतही नव्हतं.

एक शिंपी पुढे गेला. निळ्या कपड्यांतल्या सेविकेनं पांढऱ्या कापडाखालच्या जगातून पेला अर्धा भरला आणि शिंप्याच्या बोटाला सुई टोचली. सुई दर वेळी नवी होती; माझ्या धंद्याच्या सवयीनं मी तेच आधी पाहिलं. थेंब पेल्यात पडला आणि पाणी फसफसून उठलं. गुलाबी फेस काठापर्यंत आला. सगळ्या हॉलनं एकदम श्वास आत घेतल्यासारखा आवाज झाला.

"बघा," पेलेबाबा माइकमध्ये हळूच बोलला. त्याचा आवाज लहान मुलाला झोपवताना काढतात तसा होता. "हे मी करत नाही. तुमचं रक्त बोलतंय. डॉक्टर काय करतात? रक्ताला नळीत कोंडतात, यंत्रात गरागरा फिरवतात आणि कागदावर आकडे छापतात. घाबरलेलं रक्त खरं सांगेल का हो? माझ्या पेल्यात ते मोकळं होतं. मोकळं झालं की आतलं विष ओकतं. सात बैठका करा. रक्त शांत होईल."

रक्ताला नळीत कोंडून गरागरा फिरवणारी ती मीच. अकरा वर्षं मी एका वैद्यकीय संशोधन संस्थेत तंत्रज्ञ आहे. बर्फाच्या पेटीतून रुग्णांच्या रक्ताचे नमुने येतात. मी ते यंत्रात फिरवते, वर आलेलं पिवळसर द्रव्य बारीक नळ्यांमध्ये वाटते, प्रत्येक नळीवर क्रमांक चिकटवते आणि उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवते. नळीवर नाव नसतं. माणूस कोण आहे हे मला कळत नाही, कळू नये अशीच पद्धत आहे.

पण त्या दिवशी मी कामाला नव्हते. वहिनीनं बोलावलं म्हणून आले होते. "तुझ्या दादाची आज सातवी बैठक आहे," ती फोनवर म्हणाली होती. "तू ये. मला काही कळेनासं झालंय."

दादा बस चालवतो. तीन वर्षांपूर्वी त्याला रक्ताचा कर्करोग निघाला. रोज एक गोळी, जन्मभर. गोळीनं आजार मुठीत राहिला आणि दादा पुन्हा स्टिअरिंगवर बसला. पण गोळी सोपी नाही. रात्री पायात गोळे येतात, सकाळी डोळे सुजलेले असतात. बरा असूनही रोज एकदा आपण आजारी आहोत हे गिळावं लागतं.

दादाचं नाव पुकारलं. सेविकेनं या वेळी दुसऱ्या जगावरचं पिवळं कापड उचललं, पेला भरला, सुई टोचली. थेंब पाण्यात पडला, धुरासारखा पसरला आणि तळाशी गेला. फेस नाही, बुडबुडा नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पेलेबाबानं माइक दादाच्या तोंडाशी धरला. दादानं तो दोन्ही हातांनी पकडला. "पहिल्या दिवशी माझं रक्त नुसतं उकळत होतं," तो म्हणाला. "आज शांत आहे. पाच आठवडे झाले, मी एकही गोळी घेतलेली नाही."

वहिनीनं माझा हात इतका जोरात धरला की तिच्या बांगडीचा वळ उठला. तिलाही हे तेव्हाच कळलं.

घरी आल्यावर व्हायचं तेच झालं. "दादा, उद्याच्या उद्या रक्त तपास आणि गोळी सुरू कर," मी म्हणाले.

"तपासलं की आज. तुझ्या डोळ्यांदेखत."

"त्याला तपासणं म्हणत नाहीत."

"मग सांग ना, माझं रक्त आधी का उकळलं आणि आता का नाही? अकरा वर्षं रक्तात हात घालून बसली आहेस. सांग."

मला खरंच माहीत नव्हतं. फसवणूक आहे एवढं दिसत होतं, पण कशी, ते सांगता येत नव्हतं. दादानं माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत राग नव्हता, कीव होती. ते मला जास्त लागलं.

उत्तर मिळालं ते आमच्याकडे काचसामान धुणाऱ्या मावशींमुळे. दोन दिवसांनी एका नळीचं झाकण सैल निघालं आणि रक्ताचे चार थेंब माझ्या अॅप्रनच्या बाहीवर उडाले. संस्थेच्या नियमाप्रमाणे मी नोंद केली, हातमोजे बदलले, अॅप्रन काढून वेगळ्या पिशवीत टाकायला निघाले. मावशी म्हणाल्या, "अहो, तो अॅप्रन जाईल धुलाईला जायचा तेव्हा. त्याआधी तुमच्या ब्लाउजवर उडालंय का बघा. माझ्या पोरीचं नाक फुटलं होतं, तेव्हा चादरीवर मी औषधाच्या दुकानातलं ते जखम धुवायचं पाणी ओतलं. असं फसफसलं म्हणून सांगू. डाग गायब."

"काय झालं म्हणालात?"

"फसफसलं. गुलाबी फेस आला. का हो, काय झालं?"

हायड्रोजन पेरॉक्साइड. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला शिकलेलं. रक्तातल्या पेशींमध्ये एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं, ते या द्रव्याचं पाणी आणि प्राणवायू असं विभाजन करतं. प्राणवायूचे बुडबुडे वर येतात आणि फेस होतो. दिसायला ते पाण्यासारखंच असतं, वासही जवळजवळ नसतो. आणि हे विकर आजारी माणसाच्या रक्तात असतं, धडधाकट माणसाच्या रक्तात असतं, कोंबडीच्या काळजात असतं आणि कच्च्या बटाट्यातही असतं.

जेवणाच्या सुट्टीत मी दुकानातून बाटली आणली. स्वतःचं बोट टोचलं. फेस आला. साध्या पाण्यात दुसरा थेंब टाकला. धुरासारखा पसरून तळाशी गेला.

शेजारच्या टेबलावरची सहकारी म्हणाली, "रविवारी हे दाखवणार असशील तर इथल्या टाकून द्यायच्या नळ्यांतलं थोडं घेऊन जा. दहा जणांचं रक्त दाखवता येईल."

"नाही," मी म्हणाले. "लोकांनी ते संशोधनाला दिलंय, मला नाही. त्या बाबाची फसवणूक उघडी पाडायला मी या माणसांचा विश्वास मोडणार नाही. माझ्या अंगात पुरेसं रक्त आहे."

प्रयोगशाळेचे प्रमुख दारात उभे राहून ऐकत होते. "संस्थेचं नाव यात यायला नको," ते म्हणाले. "आणि तूही जपून. आपलं काम शोध लावायचं आहे, भांडायचं नाही."

"शोध लागलाय, सर. आता भांडणच उरलंय."

ते जायला वळले आणि म्हणाले, "बटाटा किसून ने. फोडीपेक्षा फेस जास्त येतो."

पुढच्या रविवारी मी नव्या रुग्णांच्या रांगेत बसले. दादा उजवीकडे, 'शुद्ध' झालेल्यांच्या ओळीत होता. वहिनीला मी सगळं सांगितलं होतं. ती पुढच्या खुर्चीवर जाऊन बसली होती.

माझी पाळी आली. थेंब, फेस, लोकांचा श्वास. पेलेबाबानं पेला उजेडात धरला. "तीन पिढ्यांचं विष," तो दुःखानं म्हणाला. "ताई, तुमच्यात खूप राग साठलाय."

"तो आहे," मी म्हणाले. "आता माझा दुसरा थेंब त्या पिवळ्या कापडाच्या जगातल्या पाण्यात टाका."

"त्याला सात बैठका लागतात."

"रक्ताला बैठका लागतात की पाण्याला?"

सेविका पुढे सरकली. मी पिशवीतला डबा उघडला आणि कोणी अडवायच्या आत चमचाभर किसलेला बटाटा पांढऱ्या जगात टाकला. क्षणभर काही नाही. मग जगाच्या तोंडातून फेस वर आला, कापड उचललं गेलं आणि फेस टेबलावर ओघळू लागला.

"हा बटाटा आहे," मी टेबलावरचा माइक उचलून लोकांना सांगितलं. "सकाळी बाजारातून आणलेला. यानं कुणाचं काय वाईट केलं, ते बाबांना विचारा."

पेलेबाबा क्षणभरच गडबडला. माणूस तयारीचा होता. "बटाट्यातही जीव आहे," तो शांतपणे म्हणाला. "जिथे जीव, तिथे कर्म. जिथे कर्म, तिथे विष."

आणि खोटं कशाला सांगू, काही माना डोलल्याही. तेवढ्यात मागून एका म्हाताऱ्या बाईंचा कोरडा आवाज आला, "मग बटाट्यालाही बसवा की सात बैठकांना."

हॉलमध्ये हसू फुटलं. सेवकांनी माझ्या हातातून माइक काढून घेतला. एकानं दंड धरला. मी ओरडून सांगत होते की पांढऱ्या जगात जखम धुवायचं औषध आहे आणि पिवळ्यात नळाचं पाणी आहे. पण गोंगाटात पुढच्या दोन ओळींपलीकडे ते गेलं नसावं.

मग वहिनी उठली. शाळेच्या कार्यालयात कारकून असलेली, कधी चारचौघांत तोंड न उघडणारी माझी वहिनी. तिनं टेबलावरचे दोन कोरे पेले ओढले. एकात फेस बसलेला पांढरा जग ओतला, दुसऱ्यात पिवळा, आणि दोन्ही पेले घेऊन दादासमोर उभी राहिली.

"तुमचं रक्त शुद्ध झालंय ना?" ती म्हणाली. "मग दोन्हीत टाका. घाबरायचं काय कारण?"

"त्या पेल्यांना हात लावू नका, साधना भंगेल," पेलेबाबा म्हणाला. आवाज आता झोपवणारा राहिला नव्हता.

दादानं त्याच्याकडे पाहिलं. वीस वर्षं बस चालवलेला माणूस. मागे कंडक्टरला खोटा पास दाखवणारा त्याला आवाजावरून कळतो. त्यानं सेविकेच्या ताटलीतली नवी सुई उचलली आणि स्वतःचं बोट टोचलं. पिवळ्या जगाच्या पेल्यात थेंब शांतपणे बुडाला. दुसऱ्या पेल्यात तेच रक्त, त्याच बोटाचं, त्याच मिनिटाचं, उकळून काठावर आलं.

आता कुणी हसलं नाही. दादा खुर्चीवरून उठला आणि एकटाच बाहेर गेला.

माणसं टेबलाकडे सरकली. शिंपी, म्हातारी बाई, एक कॉलेजची मुलगी, सगळ्यांनी आपापलं बोट पुढे केलं. दोन पेले, दोन थेंब, पुन्हा पुन्हा. पेलेबाबा मागच्या दारानं निघाला होता. मी पोलिसांना फोन केला. त्यांनी दोन्ही जग सील करून नेले. सरकारी तपासणीचा अहवाल महिन्यानं आला. एकात हायड्रोजन पेरॉक्साइड आणि बटाटा, दुसऱ्यात पिण्याचं पाणी.

त्या रविवारच्या दुसऱ्याच दिवशी वहिनीनं दादाला दवाखान्यात नेलं होतं. पांढऱ्या पेशी पूर्वीच्या तिपटीवर गेल्या होत्या. डॉक्टर म्हणाल्या, अजून दोन महिने गेले असते तर हीच गोळी लागू पडेल याची खात्री देता आली नसती. गोळी त्याच दिवशी सुरू झाली. चार महिन्यांनी आकडे खाली आले. दादा माझ्याशी मात्र बराच काळ धड बोलला नाही. एकदा जेवताना एवढंच म्हणाला, "चारचौघांत मला मूर्ख ठरवलंस."

"तू मूर्ख नव्हतास. थकला होतास," मी म्हणाले. "पेलेबाबाला थकलेली माणसं बरोबर ओळखता येतात."

त्यानं मान हलवली आणि भाजी माझ्याकडे सरकवली.

सगळे वाचले नाहीत. 'शुद्ध' झालेल्यांच्या ओळीत आधी एक निवृत्त टपालवाले बसायचे. त्यांनी मधुमेहाचं इंजेक्शन सोडलं होतं. आमच्या त्या रविवारच्या चार दिवस आधी ते गेले. त्यांच्या मुलीनं पोलिसांत दिलेल्या तक्रारीखाली माझीही सही आहे. ती मागे घे म्हणून पेलेबाबाच्या माणसांचा मला दोनदा निरोप आला. मी ती मागे घेणार नाही. पेलेबाबाला पुढे अटक झाली, पण आता तो जामिनावर बाहेर आहे आणि दुसऱ्या गावात पेले मांडतो असं ऐकते. तिथेही मी गेले होते. पुन्हा जाईन.

कुणी मला म्हणतात, लोकांच्या श्रद्धेला का डिवचतेस. मी श्रद्धेला हात लावत नाही. माझ्या प्रयोगशाळेतही कुणी काही सांगितलं की आम्ही पहिलं म्हणतो, पुन्हा करून दाखव, आणि दुसऱ्या भांड्यात करून दाखव. प्रमुखांनाही म्हणतो. त्यात अपमान नसतो. जे खरं आहे ते शंभर वेळा विचारलं तरी खरंच राहतं.

तुमच्याही रक्ताचा थेंब त्या पांढऱ्या जगात उकळेल. माझा उकळतो. गुटगुटीत बाळाचाही उकळेल. त्यात विष नाही, पाप नाही. ते जिवंत असल्याचं लक्षण आहे. तेव्हा उद्या कोणी तुमच्या शरीराबद्दल चमत्कार दाखवला, तर आधी विचारा, कसा होतो. विचारू दिलं नाही तर तेच उत्तर समजा. आणि खरं उत्तर मिळेपर्यंत तुमचं औषध बंद करू नका.