तोंडाला पदर

निजामी अमलातल्या जुन्या जालन्यात धर्मराजाचं धान्याचं दुकान होतं आणि दुकानामागेच घर. त्या सकाळी घरी जाफराबादचे रामराव यायचे होते, म्हणून सगुणा पहाटेपासून पुरण वाटत होती. रामराव आपली मुलगी धर्मराजाला देणार होते आणि सगुणा ही धर्मराजाची लग्नाची बायको होती. सवतीच्या बापाला पोळी करून वाढणाऱ्या बाईला आपण सोशिक म्हणतो, वर तिचं कौतुकही करतो.

सगुणाचा गुन्हा काय? तिची दोन बाळं दिवस भरण्याआधीच झाली आणि गेली, आणि तिच्या तोंडाला वास येई. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सासूने, द्वारकाबाईने, तिच्या तळहातावर मिश्री ठेवली होती. जळक्या तंबाखूची ती पूड घासल्याशिवाय या घरात बाईची सकाळ होत नसे. हिरड्या सुजल्या तर जास्त घासायची, रक्त आलं तर वाईट रक्त म्हणून वाहू द्यायचं. शिवाय सुनेने पदराआडूनच बोलायचं. आत काय सडतंय हे बघायची कुणाला गरजच पडली नाही.

"हिच्या तोंडाचा इटाळच लेकरं खाऊन राह्यलाय," असं द्वारकाबाई शेजारणींना सांगे. सगुणाचं ताट वेगळं झालं. धर्मराज तिच्याकडे पाठ करून निजू लागला.

पुरण वाटता वाटता सगुणा पाट्यावरच कोसळली. अंग तापाने फणफणलं होतं.

"पाहुणे येऊन राह्यले आन् हिला आताच भोवळ आली!" द्वारकाबाई कडाडली.

धर्मराजाने टांगा बोलावला. जीव तुटला म्हणून नव्हे. सोयरिकीच्या दिवशीच घरात मौत झाली तर लोक काय म्हणतील, एवढीच त्याला धास्ती होती.

दवाखान्यात डॉक्टर ताहेराबाईंनी सगुणाला तोंड उघडायला सांगितलं. तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने मान हलवली तेव्हा तिने पदर काढला. सहा वर्षांच्या संसारात धर्मराजाने आपल्या बायकोचं तोंड असं उजेडात प्रथमच पाहिलं. हिरड्या काळ्यानिळ्या होऊन मागे सरल्या होत्या आणि दातांच्या मुळाशी पू साचला होता. "आई म्हणती, ह्या इटाळानंच दोन लेकरं गेली," तो म्हणाला.

"हा पायरिया आहे, इटाळ न्हाई," ताहेराबाई म्हणाल्या. "ही रोज पू गिळते. त्याचं जहर रक्तात जातं. मंग पोटातल्या जिवाला ताकद कुठून मिळणार? बाळं त्यानंच गेली अशी कसम मी खाणार न्हाई. पण तोंड काय शरीरापासून अलग असतं?"

"वाचंल का?"

"वाचेल. चार दात काढावे लागतील. मिश्री बिलकुल बंद. आता तुम्ही तोंड उघडा."

"म्या? मला काय झालंय?"

"उघडा तर."

त्यांनी आरसा समोर धरला. तीच सूज, तसाच पू. "वास येतो, हे तुम्हाला कुणीच सांगितलं न्हाई?"

धर्मराजाने सगुणाकडे पाहिलं. ती बाकावरून हळूच म्हणाली, "मला पह्यल्यापासून येत व्हता. वाटलं, समद्याच गड्यांचं असंच असतंय. नवऱ्याच्या तोंडाला कुणी नाव ठेवतं व्हय?"

धर्मराजाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या वासासाठी त्याने तिच्याकडे पाठ केली, तोच वास ती सहा वर्षं मुकाट्याने सोसत होती.

सगुणाला दवाखान्यात ठेवून तो घरी आला. रामराव बैठकीवर टेकले होते. "बस धर्मा, सुपारी फोडायचीच राह्यलीय," द्वारकाबाई म्हणाली.

तो उभाच राहिला. "मामा, तुमची पोरगी इथं देऊ नका. सगुणाचा रोग माझ्याबी तोंडात हाये. आरशात पाह्यला म्या."

"गप रे! गड्याच्या तोंडाकडं कोण बघतं?" द्वारकाबाई ओरडली.

रामराव हसले. त्यांना वाटलं, जावई भिडस्त आहे, त्याला धीर द्यावा. "एवढ्यावरून सोयरीक मोडता व्हय? बिलकुल फिकीर करू नका. माझी पोर लई गुणाची. मरंल, पन तोंडातून शब्द काढायची न्हाई."

धर्मराजाची मान वर होईना.

"म्हणूनच नको, मामा," तो म्हणाला.