मुंगसाच्या मापाची जाळी

सातपाटीच्या जमनाबाईला कुणी "तुला जमायचं नाय" म्हटलं की संपलंच. बाई इरेला पेटायची. त्यातून म्हणणारा पोटचा पोरगा असला तर मग विचारायलाच नको!

एकनाथ बोईसरच्या एका कारखान्यात नोकरीला लागला, तिथंच कॉलनीत त्याला दोन खोल्या मिळाल्या. घरात नळ, फाटकावर वॉचमन, बायकोही गुणाची. बाप वारल्यापासून त्याचं एकच टुमणं होतं, "आये, घराला कुलूप लाव नि बोईसरला चल." आणि जमनाबाईचं उत्तरही ठरलेलं, "नि कोंबड्या कुठं ठेवू? तुझ्या वॉचमनच्या मांडीवर?"

गुडघ्यांनी दगा दिल्यापासून मासळीची पाटी डोक्यावर घेऊन पालघरच्या बाजारात बसणं तिला जमेना. पण हातावर हात ठेवून बसणं तिच्या रक्तात नव्हतं. तिनं कोंबड्या पाळल्या. गल्लीतल्या बाळंतिणी आणि आजारी माणसं तिचीच अंडी न्यायची, आणि पोराच्या पगाराला हात लावावा लागत नाही याचा तिला केवढा ताठा! खरं सांगायचं तर अंड्यांहून मोठी गोष्ट वेगळीच होती. नवऱ्याच्या, महादूच्या माघारी त्या घरात सकाळी तिची वाट बघणारं कुणी उरलं होतं, तर त्या कोंबड्याच. हे ती कुणाला बोलून दाखवायची नाही.

आणि नेमकं तिथंच मेल्या मुंगसानं डोळा ठेवला. दुपारी जेवणं होऊन गल्ली सुस्तावली की ते कुंपणातून आत यायचं आणि एखादी तलंग कोंबडी मानेला धरून पसार व्हायचं. मागं नुसती पिसं. जमनाबाई काठी घेऊन धावेपर्यंत मुंगूस कुठल्या कुठे!

"थांब मेल्या," ती म्हणाली, "तुला दाखवते."

पोटमाळ्यावर महादूचं पापलेटाचं जाळं पडलेलं होतं. नायलॉनचं, चिवट, त्यानं स्वतः विणलेलं. जमनाबाईनं ते खाली काढलं, अंगणात बांबू रोवले आणि खुराड्याभोवती चारी बाजूंनी जाळं ताणून बांधलं. गाठी अशा मारल्या की वादळात सुटू नयेत. मग कमरेवर हात ठेवून ती लांबून बघत राहिली. ह्या जाळ्यातून कधी पापलेट निसटलं नाही, कोंबडी काय निसटते!

कोंबडी नाही निसटली, ते खरंच. मुंगूस मात्र घरच्या दारातून यावं तसं आत आलं. पिल्लं भोकांतून भराभरा बाहेर पळाली आणि कावळ्यांना सापडली. तिची लाडकी कबरी घाबरून जाळ्यावर आदळली, मान भोकात अडकली, पुढं सरकेना की मागं येईना. अडकलेल्या कोंबडीला मारायला मुंगसाला कसले कष्ट?

त्याच दिवशी सुट्टी म्हणून एकनाथ आला होता. त्यानंच मेलेल्या कबरीला जाळ्यातून सोडवलं.

"बस झालं आये. हे काय तुला जमायचं नाय."

झालं! पोरानं नको तो शब्द उच्चारला.

"दिवाळीपर्यंत," जमनाबाई म्हणाली. "दिवाळीपर्यंत मुंगसानं आनखी एक जरी कोंबडी नेली, तर मी माझ्या हातानं घराला कुलूप लावते नि तुझ्या मागून येते. नाय नेली, तर तू परत बोईसरचं नाव काढायचं नाय."

"कबूल?"

"जमनाचा शब्द हाय!"

एकनाथ गेला आणि ती पायरीवर बसली तेव्हा तिला कळलं, आपण काय बोलून बसलोय ते. घर पणाला लागलं होतं. कुंपणापलीकडून शेजारची चंद्रकांता सगळं ऐकत होती, पण तोंडातून अवाक्षर नाही. दोघींचं बोलणं पावसाळ्याआधीच बंद झालं होतं. चंद्रकांतानं अंगणात वाळत घातलेल्या जवळ्यात जमनाबाईच्या कोंबड्या शिरल्या होत्या आणि वर्षाचा जवळा त्यांनी पायांनी उधळून नासवला होता. त्यावर जे काही बोलणं झालं होतं ते इथं सांगण्यासारखं नाही. चंद्रकांताही एकटीच. पण अबोला म्हणजे अबोला!

जमनाबाईनं जाळं सोडायला घेतलं. महादूची गाठ न् गाठ तिच्या बोटांना ओळखीची. डोळ्यांत पाणी येत होतं आणि तिला त्याचाच राग येत होता. सोडता सोडता तिनं सवयीनं भोकात बोटं घालून माप घेतलं. मासळीवाल्यांच्या घरातलं लहान पोरसुद्धा असंच माप घेतं. पापलेटाला एवढं, बोंबलाला एवढं. जी मासळी धरायची तिच्या मापाचं भोक.

आणि तिचा हात तिथंच थांबला.

"अगो बाय माझे!" ती मोठ्यानं म्हणाली. "मी कोंबडीच्या मापाचं भोक घेतलं की!"

आता आला का घोळ ध्यानात? जन्मभर जाळ्यात आलेलं बाहेर जाऊ नये, एवढंच तिनं बघितलेलं. बाहेरचं आत येऊ नये म्हणून जाळं बांधायची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती. माप कोंबडीचं नाही, मुंगसाचं घ्यायला हवं होतं. मुंगसाचंही नाही, त्याच्या पोराचं! जमनाबाईनं कपाळावर हात मारून घेतला, स्वतःला चार शिव्या घातल्या आणि दुसऱ्या दिवशी एसटी पकडून पालघर, तिथून गाडीनं बोईसर गाठलं. पोराच्या कॉलनीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सरळ भंगारवाल्याकडे गेली.

तिथं कारखान्यातून निघालेल्या लोखंडी जाळीच्या गुंडाळ्या पडल्या होत्या. चाळण्याच्या कामाची जाळी, जाड तारेची. एकेका भोकात बोट घालून ती बघत सुटली. करंगळीसुद्धा जाईना अशी एक सापडली तेव्हा कुठं बाईची मान हलली.

भंगारवाला भय्या मजेत बघत होता. "क्या छानना है, माजी?"

"मुंगूस," जमनाबाई म्हणाली. "बांध ती."

पुढचं काम म्हणजे नुसता दम काढणारं. सातपाटीची जमीन रेतीची, मुंगसाला खणायला लोण्यासारखी. म्हणून तिनं अंगणात चर खणला. गुडघे वाकत नाहीत तर पाटावर बसून, पाट पुढं पुढं सरकवत. जाळी हातभर खोल पुरली, खालचं टोक बाहेरच्या अंगाला वळवलं आणि त्यावर दगड रचून रेती लोटली. खणणारं तोंड जाळीवरच आपटलं पाहिजे. वरूनही जाळी, घार आणि कावळे काय मुंगसाचे मित्रच. खुराडं चार खांबांवर उचलून घेतलं, आत बसायला दांड्या, हवेला वरच्या अंगाला झरोके, त्यांनाही जाळी. दाराला कडी, कडीत खुंटी, म्हणजे नुसतं ढकलून उघडायचं नाव नको.

खाऱ्या वाऱ्यानं जाळी गंजेल म्हणून ती मुशीच्या तेलाची बाटली घेऊन आली होती, होडीला लावतात ते. बूच उघडलं, वास आला आणि ती पुन्हा स्वतःवरच चिडली. मासळीचा वास लावून गावभरच्या मांजरांना जेवायला बोलावते का मी? तिनं डांबर आणून लावलं.

मुंगूस येत होतं. पिसं मात्र पडत नव्हती. पण दिवाळी उजाडेपर्यंत जमनाबाईचा जीव थाऱ्यावर नव्हता.

दिवाळीला एकनाथ आला, एकटाच. बायको माहेरी उमरोळीला गेली होती. दुपारी फराळाचं ताट मधे घेऊन मायलेकरं ओटीवर बसली असताना कोंबड्या एकाएकी कलकलल्या. एकनाथ उठायला लागला. जमनाबाईनं त्याचा दंड धरला.

"बस. बघत राहा."

मुंगूस जाळीपाशी आलं. नाक लावलं. पंजानं रेती उकरली, दगड लागला. दगडाच्या बाजूनं उकरलं, जाळी लागली. दुसऱ्या अंगाला गेलं, तिथंही तेच. जाळीवरून वर चढलं, वर छप्पर बंद. दारापाशी जाऊन दात लावून बघितले. शेवटी अंग झटकून कुंपणातून निघून गेलं.

"बघितलंस?" जमनाबाई अक्षरशः टाळ्या पिटत होती. "बघितलंस मेल्याला? जमलं का नाय?"

"जमलं," एकनाथ म्हणाला. त्याच्या हातातली करंजी तशीच होती. "कोंबड्यांचं जमलं, आये. तुझं काय?"

"बोली झालीय आपली!"

"झालीय, आनि मी पाळनार. पन श्रावणात तू तापानं फणफणली होतीस. मला ते कधी कळलं? तू बरी झाल्यावर. पालघर स्टेशनात कुनीतरी सहज बोललं म्हनून. पानी द्यायला कोन नव्हतं तुला. काय झालं असतं तर मला कोन सांगनार होतं, आये?"

आणि तो बाप्या माणूस, कारखान्यात पोरं हाताखाली असलेला, आईसमोर ढसाढसा रडला.

पोराला आपली मिजास मोडायची आहे, असं जमनाबाई आजवर धरून बसली होती. पोरगा घाबरलेला आहे हे तिच्या गावीही नव्हतं. पण हार मानायला ती जमनाबाई थोडीच?

"मंग हे बोल ना! नळ काय, वॉचमन काय, कॉलनी काय सांगत बसलास वर्षभर? मी पडले नि कुनाला कळलं नाय, हीच भीती ना? ज्याला बाहेर ठेवायचं तो चोर हाच ना?"

"हाच."

"बस इथं."

तिनं डोळे पुसले, पदर खोचला आणि ती कुंपणाच्या फटीतून पलीकडे गेली. तिथवरची चार पावलं तिला बोईसरहून लांब वाटली. चंद्रकांता भांडी घासत होती. तिनं मान वर केली नाही.

"चंद्रकांते."

"जीभ फुटली वाटतं?"

"तुझा जवळा माझ्या कोंबड्यांनी नासला. चूक माझी होती. वर तुलाच बोलले, ते पन चुकलं."

चंद्रकांता घासतच राहिली. मुंगसाशी लढणं ह्यापेक्षा सोपं होतं.

"मी रोज उजाडलं की खुराडं उघडते. तुझ्या दारातून दिसतं. एखाद्या दिवशी उघडलं नाय, तर येऊन हाक मार. ओ नाय दिली तर दार मोड."

चंद्रकांताचा हात थांबला. तिनं राखेनं भरलेलं पातेलं खाली ठेवलं.

"नि माझी चूल पेटली नाय तर?" तिनं विचारलं. आवाज भलताच बारीक झाला होता.

"मी तुझं मोडीन."

"काय, डोकं?"

"आधी दार," जमनाबाई म्हणाली, आणि दोघी हसल्या. हसता हसता चंद्रकांतानं राखेच्या हातानंच डोळे पुसले आणि तोंड काळं करून घेतलं.

दुसऱ्या दिवशी नीट फटफटलंसुद्धा नव्हतं. कोंबडासुद्धा अजून आरवायच्या विचारात होता. तेवढ्यात दारावर दाणदाण थापा पडल्या.

"गोऽ जमने! जिती हायस का मेलीस?"

जमनाबाई दचकून उठून बसली. "अगो, उजाडू तर दे, सटवे!" ती पुटपुटली.

थापा वाढल्या. ओटीवर गोधडीतला एकनाथ हसून हसून लोळत होता. मग तो उठून बसला, आईकडे बघितलं, आणि म्हणाला, "आये, ओ दे लवकर. नायतर खरंच दार मोडील ती."

"जिती हाय गोऽ!" जमनाबाई ओरडली, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी.