मोटारीवरचा आळ

मुरूमच्या बाजारपेठेत शांतलिंगचं आडतीचं दुकान होतं. दुकानासमोर लिंबाच्या झाडाखाली त्याची मोटार उभी असायची. काळी, चौकोनी नाकाची, युद्धाच्या आधीची विलायती मोटार. निजामी संपली, जहागिऱ्या गेल्या आणि आळंदकडचा एक जहागीरदार बाडबिस्तरा घेऊन कायमचा हैदराबादला निघाला, तेव्हा शांतलिंगनं ती त्याच्याकडून घेतली. आसपासच्या दहा गावांत तेवढी एकच खासगी मोटार. पण शांतलिंगला तिचा रुबाब करायचा नव्हता. त्याला तिच्याबद्दल बोलायचं असायचं.

तुरीचा भाव विचारायला आलेल्या माणसालाही तो मोटारीचं सांगत बसे. "आता त्या नव्या गाड्या बघा," तो म्हणे. "फुगलेल्या पुरीवानी. अंगाला कुठं कोपरा न्हाय. दिवे तर मडगार्डात पुरून टाकलेत. अहो, मोटारीला डोळे पायजेत, बाहेर आलेले! आणि गिअरचा दांडा काय, तर स्टिअरिंगच्या खाली. गिअर कसा पायातून वर आला पायजे. इंजिन काय बोलतंय ते तळहाताला कळतं मग."

माणूस मान डोलवी आणि तुरीवर यायची वाट बघे.

चालवण्याबद्दलही त्याची मतं पक्की होती. रस्त्यात बैलगाडी आडवी आली तर तो भोंगा वाजवत नसे. बैलानं मान वळवून मोटार बघितली की मगच हळूच बाजूनं काढायची. चढ लागायच्या आधीच गिअर बदलायचा, इंजिन कण्हायला लागल्यावर नव्हे. काळ्या रानातल्या कच्च्या रस्त्यावर चाकोरी सोडायची नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे इंजिनाला घाई करायची नाही. "त्याला चाबूक लागत न्हाय," तो म्हणे. "चाबूक मारला तर ते मुकाट पळतं, आणि मग एकदम पडतं."

हे सगळं मन लावून ऐकणारं माणूस त्याला एकच होतं. त्याची धाकटी बहीण नागम्मा. त्यांच्या घरात निम्मं बोलणं कानडीतलं. तो तिला तंगी म्हणे, धाकटी बहीण. वडील लवकर गेले. शांतलिंगची बायको लग्नानंतर तिसऱ्याच वर्षी तापानं गेली आणि त्यानं पुन्हा लग्न केलं नाही. घरात तो, आई रुद्रम्मा आणि ही पोर. संध्याकाळी दुकान बंद झालं की तो मोटार काढून येणेगूरच्या डांबरी सडकेपर्यंत जाऊन येई, आणि नागम्मा पुढं त्याच्या शेजारी बसे. डोळे मिटून ती इंजिन ऐकायची.

"अण्णा, वरचा गिअर मागतीया बघ," ती म्हणे.

तो बदले, आणि मोटार खरंच मोकळी होऊन पळू लागे. मग तो एवढा हसे, की आडतीवरच्या हमालांनी त्याला तसं हसताना कधी बघितलं नव्हतं.

सास्तूरच्या महांतप्पाशी तिचं लग्न झालं. महांतप्पा शेतकरी माणूस, सरळ, कमी बोलणारा. सासरी जाताना नागम्मा म्हणाली, "मी आपल्याच मोटारीतनं जाणार." ती पुढं अण्णाशेजारी बसली आणि नवरा मागं, फेटा सांभाळत, प्रत्येक खड्ड्याला डोकं धरून. सास्तूरला उतरल्यावर तो एवढंच म्हणाला, "आमची बैलगाडी बरी." नागम्मा पदर तोंडाला लावून कितीतरी वेळ हसत होती.

एकोणसाठच्या उन्हाळ्यात ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. त्याच सुमारास मोटार तेल जाळू लागली होती, म्हणून शांतलिंगनं ती सोलापुरात मिस्त्रीकडं नेऊन इंजिन बोअर करून घेतलं आणि नवे पिस्टन घातले. नव्या पिस्टनला सुरुवातीचे हजारभर मैल जपावं लागतं. अंग आवळलेलं असतं, तेल नीट पोचत नाही, तापलं की धरून बसतं. सोलापूरहून येताना त्यानं ती एखाद्या सायकलच्या वेगानं चालवली. घरी आल्यावर नागम्माला सगळं समजावून सांगितलं. ती जड अंगानं जोत्यावर बसली होती. म्हणाली, "म्हणजे आता ही पण बाळंतीणच की. जपायला पायजे."

आठच दिवसांनी, भर वैशाखात, सकाळीच तिला कळा सुरू झाल्या.

गावातली सुईण हरणाबाई आली. दुपार कलली तरी सुटका होईना. हरणाबाई बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा बदलला होता. "मूल आडवं हाय," ती म्हणाली. "माझ्या हातात न्हाय आता. सोलापूरला न्या, मोठ्या दवाखान्यात. लगीच."

सकाळची एस.टी. कधीच गेली होती. शांतलिंगनं मागच्या सीटवर गादी अंथरली. रुद्रम्मानं लेकीचं डोकं मांडीवर घेतलं आणि हरणाबाई पायाशी अंग चोरून बसली. सास्तूरला निरोप धाडून शांतलिंगनं हँडल मारून मोटार चालू केली.

येणेगूरपर्यंत त्यानं मोटार सांभाळून नेली. डांबरी सडक लागली तशी थोडी वाढवली. इंजिन गरम होत होतं, पण ऐकत होतं. अशीच नेली तर दिवस मावळायच्या आत सोलापूर येईल, असा त्याचा हिशेब होता. तेवढ्यात मागून नागम्मा किंचाळली. असा आवाज त्यानं तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

"शांतलिंगा, जोरात घे की रं!" रुद्रम्मा ओरडली.

"अव्वा, इंजिन नवं हाय. जोरात जमणार न्हाय."

"इंजिनाचं कौतुक मागनं कर! पोर मरतीया माझी इथं!"

त्यानं पाय दाबला.

जळकोट मागं पडलं. दोन्ही बाजूंची झाडं सपासप मागं जात होती. एवढ्या वेगानं ही मोटार त्यानं कधीच पळवली नव्हती. बैलगाड्यांना त्यानं भोंगा मारला, बैल बिथरले, गाडीवान शिव्या देत राहिले. आतून एक बारीक, घासल्यासारखा आवाज येऊ लागला होता. त्याला तो ऐकू येत होता. अजून थोडं, अजून थोडं, असं तो स्वतःलाच सांगत होता.

"अण्णा," मागून नागम्माचा आवाज आला, दमलेला. "वास येतोय. जळका. थांबीव जरा, पाणी घाल."

"गप पड तंगी. नळदुर्ग आलंच."

"थांबीव रे, अण्णा."

तो थांबला नाही. आपल्या बापजन्मात तिचं म्हणणं त्यानं मोडलं नव्हतं, ते त्या दिवशी मोडलं.

नळदुर्ग ओलांडून पलीकडच्या चढाला मोटार लागली आणि अर्ध्यावर जाऊन तिनं एक हिसका दिला. मागची चाकं करकरली. मग सगळं शांत झालं. रेडिएटरचं टोपण उघडून बघायचीही गरज नव्हती. तरी त्यानं उघडलं. वाफेनं हात भाजला. हँडल लावून सगळ्या अंगाचा जोर घातला. हँडल एक बोटभरसुद्धा हललं नाही.

रस्त्याकडेला एक लिंब होता. त्याच्या सावलीत त्यांनी नागम्माला आडवं केलं. रुद्रम्मा आणि हरणाबाई सडकेवर जाऊन दोन्ही बाजूंना बघत उभ्या राहिल्या. शांतलिंग बहिणीशेजारी मातीत बसला. तिची कळ थोडी ओसरली होती. ओठ पांढरे पडले होते.

"काय झालं मोटारीला?" तिनं विचारलं.

"काय न्हाय. तापलीया."

"जाम झालं न्हवं?"

 तिनं त्याचा भाजलेला हात बघितला, आपल्या हातात घेतला. "मी सांगितलं व्हतं की," ती म्हणाली. बोलण्यात राग नव्हता. पूर्वी संध्याकाळी सडकेवर गिअर चुकला की जशी म्हणायची तशीच म्हणाली.

मागून कोणाची मोटार येईना. दोन बैलगाड्या गेल्या, त्यांचा उपयोग नव्हता. उन्हं पिवळी झाल्यावर उमरग्याकडून पोत्यांनी भरलेली एक लॉरी आली. लॉरीवाला भला माणूस होता. त्यानं पोती सरकवून जागा केली आणि धक्के बसू नयेत म्हणून हळू चालवली. सोलापुरात पोचले तेव्हा दिवे लागले होते. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी शर्थ केली. मुलगी वाचली. नागम्मा वाचली नाही. अंगातलं रक्त फार गेलं होतं.

"थोडं आधी आणायला हवं होतं," बाई म्हणाल्या. दमलेल्या आवाजात, कोणाला दोष न देता. शांतलिंग भिंतीला टेकून उभा होता. जपून आलो असतो तर दिवस मावळायच्या आत आलो असतो, एवढं एकच त्याच्या डोक्यात फिरत राहिलं.

सास्तूरहून महांतप्पा आला. मुरूमच्या रानात, लिंगायतांच्या रीतीप्रमाणे बसवून, नागम्माला माती दिली.

घरात आता ती एवढीशी मुलगी होती आणि रुद्रम्मा होती. रुद्रम्मा कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून बसे. खात नव्हती. पोर रडली तरी उठत नव्हती. शेजारणी शेळीचं दूध पाजून जात. तिसऱ्या दिवशी शांतलिंगनं पोरीला उचलून आईच्या मांडीवर ठेवायला नेलं तर तिनं हात मागं घेतले.

"नको," ती म्हणाली. "माझ्या हातात देऊ नको. मी तिच्या आईला मारलं."

"अव्वा, काय बोलतीस?"

"तू म्हणत व्हतास, जोरात जमणार न्हाय. मीच म्हणले पळीव. मीच मारलं पोरीला." ती रडत नव्हती. तेच त्याला जास्त भयंकर वाटलं.

दिवसाच्या विधीला सगळी भावकी जमली. स्वामी आले, पूजा झाली. रुद्रम्मा तशीच कोपऱ्यात. जेवणाआधी माणसं ओसरीवर बसली होती. मोटारीचा विषय निघणार होताच. ती अजून नळदुर्गच्या चढावर उभी होती, जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसत होती. महांतप्पानं मान खाली घालून विचारलं, "अण्णा, झालं काय नेमकं?"

शांतलिंगनं आत बघितलं. दाराआड आई होती. तो मोठ्यानं बोलू लागला, आत ऐकू जाईल असं.

"मोटारच नासकी व्हती. इंजिनाच्या आत चीर व्हती, जुनी. जहागीरदारानं खटारा माझ्या गळ्यात बांधला आणि मी येडा, इतकी वर्षं तिचं गुणगान करत बसलो. मिस्त्रीनं सांगितलं मला. हळू नेली असती तरी तिथंच बसली असती. अहो, उभी राहिली असती तरी गेली असती."

 ज्या मोटारीला कोणी धूळ लागली म्हटलेलं त्याला खपत नसे, तिच्याबद्दल तो हे बोलत होता. मोटार बंद पडल्यापासून मिस्त्रीला तो भेटलाही नव्हता.

दार किलकिलं झालं. रुद्रम्मा भिंतीचा आधार घेत बाहेर आली.

"खरं सांगतोस?" तिनं विचारलं. "जोरात नेली म्हणून न्हाय?"

"न्हाय, अव्वा."

"आण घे."

त्यानं अंगरख्याच्या आत हात घातला, गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरलं. लहानपणी स्वामींनी ते त्याच्या तळहातावर ठेवलं होतं, तेव्हापासून एक दिवसही अंगावरून उतरलं नव्हतं.

"ह्याची आण," तो म्हणाला. "मोटारीचाच दोष."

रुद्रम्मा त्याच्याकडं बघत राहिली. मग खाली बसली आणि पहिल्यांदाच रडायला लागली. मोठ्यानं, छाती पिटून. आत पोर जागी झाली, तिनंही सूर लावला. थोड्या वेळानं रुद्रम्मा डोळे पुसत उठली, आत गेली आणि पोरीला उचलून उराशी धरलं.

पंधरा दिवसांनी मोटार ओढून सोलापूरला नेली. मिस्त्रीनं इंजिन खोललं. म्हणाला, "नशीबवान आहात. इंजिनाचा ब्लॉक एकदम साबूत आहे, कुठं साधी चीर नाही. पिस्टन तेवढे गेलेत. पुन्हा बोअर केलं की पहिल्यासारखी पळेल. घेऊन जा घरी."

घरी कशी नेणार? ती मुरूमात पुन्हा चालू लागली असती, तर रुद्रम्माला एका दिवसात सगळं कळलं असतं. शांतलिंगनं मिस्त्रीलाच गिऱ्हाईक बघायला सांगितलं. पंढरपूरच्या पलीकडचा एक बागाईतदार तयार झाला. मुरूमच्या वाटेला तो कधी येणार नव्हता.

मोटार पोचती करायला शांतलिंग स्वतः गेला. पुन्हा बोअर करून घेतलेलं इंजिन त्यानं मैलोन् मैल जपत नेलं, चढाआधी गिअर बदलला, बैलांनी मान वळवेपर्यंत थांबला. मोटार इतकी छान चालत होती की वाटेत एका ठिकाणी त्याला ती कडेला घ्यावी लागली. स्टिअरिंगवर डोकं टेकवून तो बराच वेळ बसून राहिला. शेजारची सीट रिकामी होती.

बागाईतदार हौशी होता. त्यानं विचारलं, "काय म्हणता, कशी आहे गाडी? काही खोड?"

शांतलिंगच्या मनात पुष्कळ आलं. थंडीत पहिलं हँडल कसं मारायचं, दुसऱ्या गिअरला किती दम द्यायचा, इंजिन कधी काय मागतं. तो एवढंच म्हणाला, "खोड कायबी न्हाय. घाई करू नका तिला."

दुसऱ्या दिवशी तो एस.टी.नं मुरूमला परतला. रुद्रम्मा ओसरीवर नातीला तेल लावत बसली होती. पोर पाय झाडत होती.

"गेली का ती अवदसा?" तिनं विचारलं.

"गेली, अव्वा."

"बरं झालं," रुद्रम्मा म्हणाली, आणि पोरीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. "हात-पाय धू. भाकरी वाढते."

तो आडाकडं गेला आणि पोहरा खाली सोडला.