ढवळे घराण्याची परात

मी एक जुनी पितळी परात आहे, आणि मी अपमान विसरत नाही. मित्रांनो, आधी हे नीट ऐकून घ्या, मग पुढचे ऐका.

अकोल्याच्या तांबटाने मला ठोकून ठोकून घडवले. वच्छलाबाईच्या लग्नात मी आंदण म्हणून आले आणि माझ्या काठावर तिच्या पतीचे नाव कोरले गेले : खुशालराव ढवळे. आमच्या वऱ्हाडात डोळ्याला डोया म्हणतात, तसे ढवळ्यांना ढवये. गावात कोणालाही त्यात काही वावगे वाटत नसे. ते नाव घेताना वच्छलाबाईची मान ताठ होई.

त्यांचा मुलगा किशोर अमरावतीला शिकला. त्याच्यासाठी सोयरीक घेऊन पुण्याचे पाहुणे आले होते. वच्छलाबाई माझ्यात कणीक तिंबत होती. पाहुण्यांना तिने हसून सांगितले, "आमी ढवये, अचलपूरकडचे." किशोर सर्वांसमोर कडाडला, "ढवये नाही, आई, ढवळे! येत नसेल तर बोलत जाऊ नकोस."

तिने कणीक अशी तिंबली की मी फरशीवर दणदणत राहिले. त्या दिवसापासून तिने आडनाव उच्चारलेच नाही. कोणी विचारले तर म्हणे, "मी किशोरची माय." मी मात्र मनाशी ठरवले, की या मुलाला मी सोडणार नाही.

किशोर कॅनडात स्थायिक झाला. तिथल्या लोकांना ढवळे म्हणता येईना. ते डवाली म्हणू लागले, आणि पुढे हा स्वतःही फोनवर तसेच सांगू लागला. त्याच्या मुलीला, अपेक्षाला, दुसरा उच्चार ठाऊकच नव्हता. त्याचे घरी फोन येत, तेव्हा फळीवर बसून मी हे सारे ऐकत होते. मला आनंद झाला, हे मी लपवणार नाही.

यंदा अपेक्षाचे लग्न अकोल्यात झाले. जावयाचे पाय धुण्यासाठी मला चिंचेने घासून मांडवात नेले. कन्यादानाच्या वेळी मुलीच्या आजोबांचे नाव मोठ्याने सांगावे लागते. गुरुजींनी माईक पुढे केला. किशोर म्हणाला, "खुशालराव डवाली."

शेजारच्या माणिकबाई म्हणाल्या, "हे डवाली कोन व्हय बाप्पा? आमाले त ढवयेइच्या घरचं आवतन होतं!"

हशा पिकला. किशोरने पुन्हा प्रयत्न केला. "डवले," तो म्हणाला. मग "धवले". इतक्या वर्षांनी जीभ वळेना. त्याचे कान लाल झाले. मी पोटभर पाहिले.

तेवढ्यात वच्छलाबाई उठली. तिने माईक लेकाच्या हातातून काढून घेतला. "खुशालराव ढवये! त्याइची नात हाय हे. म्हना, गुरुजी."

"आजी, पुन्हा सांग ना," अपेक्षा म्हणाली. आजीने सांगितले. नातीने तिच्या ओठांकडे बघत म्हटले, "ढवये." अगदी स्वच्छ. गुरुजींनीही मंत्रात तेच म्हटले, आणि किशोरला ते मान खाली घालून ऐकावे लागले.

मित्रांनो, आईच्या जिभेची लाज बाळगू नका. ती बिचारी गप्प बसेल; घरातली भांडी बसणार नाहीत. जावयाचे पाय धुऊन झाले तेव्हा मी काठोकाठ भरले होते. किशोरने मला उचलले. मी जरा कलले, आणि त्याचा रेशमी कोट गळ्यापासून खाली चिंब झाला.