खुर्चीला खिळा नव्हता

मी एक जुनी, बिनहातांची लाकडी खुर्ची आहे. मित्रांनो, माझा जन्म सुताराच्या दुकानात झाला आणि सारं आयुष्य गेलं एका शिंप्याच्या शिलाई मशीनसमोर. त्यांना सगळे मास्तर म्हणतात. माझी बैठक इतकी गुळगुळीत होती, की मास्तर एकदा बसले की जेवणाच्या वेळेपर्यंत उठायचे नाहीत. तहान लागली तरी ‘एवढी बाही होऊ दे’ म्हणायचे. अशी खुर्ची शोधून सापडणार नाही, असं ते गिऱ्हाइकांना सांगायचे, तेव्हा मला मूठभर मांस चढायचं.

मग मास्तरांचं बसणं बदललं. ते आधी मला कळलं, कारण सगळा भार माझ्यावर होता. ते एकाच बाजूवर अंग टाकून बसू लागले. खाज सुटल्यासारखे मागेपुढे सरकायचे आणि मध्येच तोंड वेडंवाकडं करून उठायचे. समोर बसून काजंबटणं करणाऱ्या ताईंनी, म्हणजे त्यांच्या थोरल्या बहिणीने, काय झालं म्हणून विचारलं. मास्तर म्हणाले, खुर्चीचा खिळा वर आलाय. नाचता येईना अंगण वाकडं! सुताराला बोलावणं गेलं. त्याने मला उलटंपालटं केलं, तळहात फिरवून पाहिला. खिळा असता तर सापडला असता.

तरी मास्तरांनी गादी आणलीच. गोल, गुबगुबीत, लालभडक कापडाची. ती माझ्या छातीवर येऊन बसली आणि माझा नुसता जळफळाट झाला. मास्तर तिला रोज झटकायचे, उन्हात ठेवायचे. मला मात्र कोरडं फडकंसुद्धा लागेना. ओझं मी वाहायचं आणि कौतुक हिचं! हिच्या शिवणी उसवोत, हिला उंदीर लागोत, असं मी रोज मनात म्हणायचे.

एके सकाळी मास्तर उठले, तेव्हा त्यांच्या फिकट पँटवर लाल डाग दिसला. ताईंनी विचारताच त्यांचं उत्तर तयार होतं. गादीचा रंग जातोय. मित्रांनो, काय सांगू, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. पुढेही डाग पडत राहिले आणि मास्तर गादीलाच बोल लावत राहिले. आता ही अडगळीत जाणार, याची मी वाटच पाहत होते.

पण ताईंना ते पटेना. गिऱ्हाइकाचं गडद कापड आलं, की मास्तर ओली पांढरी चिंधी त्यावर घासून रंग पक्का आहे का ते बघायचे. त्याशिवाय कापडाला कात्री लावत नसत. स्वतःच्या गादीवर मात्र त्यांनी ती चिंधी कधी फिरवली नव्हती. ताईंनी ती ओली केली, गादीच्या कडेवर खसाखसा घासली आणि मास्तरांसमोर मशीनवर ठेवली. चिंधी पांढरीच होती.

“रंग पक्का आहे,” ताई म्हणाल्या. “मग डाग कसला?”

मास्तरांनी मान खाली घातली. “संडासला गेलो की रक्त पडतं. हाताला गाठीसारखं लागतं. कुणाला आणि कसं सांगणार?”

“मला सांगायचं. लहानपणी तुझं ढुंगण कोण धुवायचं?”

दुपारी ताईंनी दुकान बंद करून त्यांना डॉक्टरांकडे नेलं. मास्तरांना मूळव्याध झाली होती. बसताना दुखणं, खाज, गाठ, शौचाला लालभडक रक्त, ही तिचीच लक्षणं निघाली. पण रक्त दुसऱ्या आजारातही पडतं, म्हणून अंदाज न बांधता तपासून घ्यायचं असतं, असं डॉक्टरांनी बजावलं. औषध दिलं. पाणी भरपूर प्या, भाज्या-फळं खा, शौचाला जोर करू नका आणि तासन्‌तास बसून राहू नका, असंही सांगितलं.

आता मास्तर कापड बेततात ते मोठ्या टेबलाशी उभं राहून. गादी आणि मी रिकाम्या बसून बघत असतो. तिच्यावरचा माझा राग निवळला आहे, कारण तो सगळा आता टेबलाकडे गेला आहे. मास्तर मात्र पूर्वीसारखे शीळ घालत काम करतात.

मित्रांनो, दुखणं लाजेने झाकू नका आणि खुर्चीवर ढकलू नका. मास्तरांचं दुखणं सगळ्यांच्या आधी मी ओळखलं होतं, पण मला तोंड नाही. तुम्हाला आहे.